न सुटणाऱ्या प्रश्नाची कमाई

पहिल्या महायुद्धात लुईस फ्राय रिचर्डसन हे इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सच्या आघाडीवर रुग्णवाहिका चालवत होते. ते क्वेकर पंथाचे. शस्त्र हाती धरायचे नाही हा त्यांचा नेम, म्हणून जखमींची ने-आण त्यांनी पत्करली होती. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, गारठलेल्या मुक्कामात गवताच्या ढिगावर कागद पसरून त्यांची आकडेमोड चाले. नकाशावर चौकटी आखलेल्या, प्रत्येक चौकटीतला हवेचा दाब, वारा, तापमान, आर्द्रता मांडलेली आणि हवा ज्या नियमांनी वाहते ती समीकरणे शेजारी. २० मे १९१० या दिवसाचे हवामान त्यांना गणिताने काढायचे होते. दिवस होऊन गेलेला, त्यामुळे उत्तर ताडून बघायची सोय होती. सहा तासांच्या अंदाजासाठी आठवडेच्या आठवडे खर्ची पडले आणि उत्तर आले: दाब १४५ मिलिबारने वाढणार. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ जागचा हललाही नव्हता. सहा तासांत एवढी वाढ पृथ्वीच्या पाठीवर कुठेच होत नाही.

रिचर्डसन यांनी हा फसलेला अंदाज १९२२ च्या आपल्या पुस्तकात सगळ्या आकड्यांसह छापला. त्याच पुस्तकात त्यांनी एका अवाढव्य गोल सभागृहाचे चित्र रंगवले. भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, ठिकठिकाणी बसलेले ६४,००० गणक, आणि मधल्या मनोऱ्यावर उभा राहून पुढे गेलेल्यांना आवर घालणारा, मागे पडलेल्यांना हाकणारा एक सूत्रधार. पुढे १९५० मध्ये अमेरिकेतल्या एनिॲक यंत्रावर २४ तासांचा अंदाज सुमारे २४ तासांत निघाला. ते बघायला रिचर्डसन हयात होते. आज पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ मध्ये बसवलेला ‘अर्क’ हा महासंगणक सेकंदाला एकावर सोळा शून्यांहून जास्त आकडेमोडी करतो. पावसाचा अंदाज ऐकून पेरणीचा दिवस ठरवणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोचलेले हे काम आहे आणि त्याचे मोल करावे तेवढे थोडे.

पण या यशातून एक समजूत घट्ट झाली. ती हवामानशास्त्रज्ञांची नव्हे, आपली सगळ्यांची. नियम कळले, आजची स्थिती कळली, की पुढे उरते ती निव्वळ हमाली. यंत्र पुरेसे मोठे असले की निसर्गातले काहीही आधी काढून ठेवता येईल. लाप्लास यांनी १८१४ मध्ये हीच कल्पना मांडली होती: विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि वेग ठाऊक असलेल्या बुद्धीला भविष्य भूतकाळाइतकेच स्वच्छ दिसेल. ही समजूत १९३६ मध्ये मोडली. मोडली ती गणितात. निसर्गाच्या बाजूने त्या मोडण्याचा अर्थ उलगडायला पुढची पाच-सहा दशके गेली, आणि सुशिक्षितांच्या बोलण्यात तो अजूनही उतरलेला नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण विसाव्या शतकाने निसर्गाविषयी जे काही शिकवले त्यातला हा फार मोठा धडा आहे.

गणितात लाप्लासची जागा डाव्हिट हिल्बर्ट यांनी घेतली होती. पॅरिसच्या १९०० च्या परिषदेत त्यांनी नव्या शतकापुढे प्रश्नांची यादी ठेवली. त्यातला दहावा प्रश्न असा, की पूर्णांकांतले कोणतेही बहुपदी समीकरण दिले तर त्याला पूर्णांकी उत्तर आहे की नाही, हे ठरवणारी ठरावीक रीत सांगा. पुढे १९२८ मध्ये त्यांनी आणि विल्हेल्म आकरमन यांनी मागणी वाढवली: तर्कशास्त्रातल्या कोणत्याही विधानाचा निकाल लावणारी रीत हवी. जगात न सुटणारा प्रश्न नाही, ही हिल्बर्ट यांची श्रद्धा. सप्टेंबर १९३० मध्ये क्योनिग्सबर्ग या आपल्या जन्मगावी त्यांनी ती जाहीर भाषणात बोलून दाखवली. आदल्याच दिवशी त्याच गावातल्या एका चर्चेत पंचविशीच्या आतबाहेरच्या कुर्ट गोडेल यांनी सांगून टाकले होते, की अंकगणितात खरी असूनही सिद्ध न होणारी विधाने असतात.

तरीही रितीचा प्रश्न उरलाच. अशी रीत नाही असे म्हणायचे तर आधी ‘रीत’ म्हणजे काय ते ठरवायला हवे. प्रिन्स्टनमध्ये अलोन्झो चर्च यांनी ते एका प्रकारे केले आणि नकारार्थी उत्तर आधी छापून आणले. पण ज्या मांडणीने खुद्द गोडेल यांची खात्री पटली ती केंब्रिजच्या ॲलन ट्यूरिंग यांची. मे १९३६ मध्ये त्यांनी निबंध धाडला तेव्हा ते २३ वर्षांचे होते.

ट्यूरिंग यांनी डोळ्यांसमोर ठेवला तो कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस. तो एका वेळी कागदावरची मोजकीच चिन्हे बघू शकतो, त्याच्या मनाच्या अवस्था मोजक्याच असतात, आणि दर पावलाला तो एखादे चिन्ह पुसतो, लिहितो किंवा शेजारच्या चौकटीकडे वळतो. अशी माणसे खरोखर होती. आपल्याकडे भारताच्या महासर्वेक्षणात राधानाथ सिकदर १८३१ मध्ये गणक म्हणूनच नोकरीला लागले. देहरादूनला आणि नंतर कलकत्त्याला बसून त्यांनी निरीक्षणांचे ढीग उपसले, आणि जगातले सर्वांत उंच शिखर कोणते हे एव्हरेस्टच्या पायथ्याशीही न जाता आकड्यांतून बाहेर काढले. सिकदरांसारख्याच्या कामातून माणूस वजा केला तर जे उरते, ते ट्यूरिंग यंत्र: एक लांबलचक फीत, तिच्यावर चौकटी आणि थोडे नियम.

मग त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या, आणि माझ्या लेखी या दोन्ही एकाच निबंधात याव्यात यातच सारे आले. पहिली: असे एक यंत्र बनवता येते, की ज्याला दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे वर्णन फितीवर लिहून दिले तर ते त्या यंत्रासारखे वागेल. हे सार्वत्रिक यंत्र. आपल्या खिशातला मोबाईल हा त्याचाच वंशज. दुसरी: काही प्रश्न कोणतेही यंत्र सोडवू शकत नाही.

या दुसऱ्या गोष्टीचे आजचे रूप थोडक्यात सांगता येते. समजा, एक तपासनीस प्रोग्रॅम आहे. त्याला कोणताही प्रोग्रॅम आणि त्याला पुरवायची माहिती दिली, की तो प्रोग्रॅम कधी थांबेल की कायम चालतच राहील, हे तो बिनचूक सांगतो. आता त्याच्याच आधारे एक उफराटा प्रोग्रॅम लिहू. त्याला कोणत्याही प्रोग्रॅमचा मजकूर दिला की तो तपासनिसाला विचारतो: या प्रोग्रॅमला याचाच मजकूर पुरवला तर हा थांबेल का? उत्तर ‘थांबेल’ आले तर उफराटा कायम चालत राहतो. ‘थांबणार नाही’ आले तर लगेच थांबतो. आता उफराट्याला उफराट्याचाच मजकूर द्या. तपासनीस काहीही म्हणो, उफराटा बरोबर त्याच्या उलट वागणार आणि तपासनीस खोटा पडणार. म्हणजे असा तपासनीस असूच शकत नाही. त्याला वेग कमी पडतो म्हणून नाही, स्मृती कमी पडते म्हणूनही नाही.

उफराट्याला आपलाच मजकूर वाचता आला, कारण प्रोग्रॅम ही दुसऱ्या प्रोग्रॅमला पुरवता येणारी माहितीच असते. सार्वत्रिक यंत्राची ताकद तीच आणि तपासनिसाला बुडवणारी गोमही तीच. ज्या व्यवस्थेत कोणतीही आकडेमोड घडवता येते, त्या व्यवस्थेचे पुढचे सगळे वागणे आधी सांगणारी रीत असत नाही. निसर्गाकडे बघताना नेमका हाच मुद्दा धरून ठेवायला हवा.

कागदावरच्या तर्काचा निसर्गाशी संबंध काय, ही शंका रास्त आहे. उत्तर असे, की आकडेमोड ही हवेत होत नाही. ती मेंदूत होते, चाकांत होते, सिलिकॉनमध्ये होते. म्हणजे पदार्थातच होते. रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये दाखवले, की माहितीचा एक बिट पुसायचा तर किमान ठरावीक उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. साध्या खोलीच्या तापमानाला ती सुमारे ३ × १०⁻²¹ ज्यूल भरते. २०१२ मध्ये प्रयोगशाळेत ते पडताळलेही गेले. तेव्हा ‘अमुक गणित कोणत्याही यंत्राला जमणार नाही’ हे विधान ‘कोणत्याही पदार्थाला अशा तऱ्हेने वागवून उत्तर काढून घेता येणार नाही’ या दाव्यापर्यंत जाऊन पोचते. ट्यूरिंगचे शिष्य रॉबिन गँडी यांनी १९८० मध्ये आणि ऑक्सफर्डच्या डेव्हिड डॉइश यांनी १९८५ मध्ये हा दावा भौतिकशास्त्राच्या भाषेत मांडून पाहिला. तो सिद्ध झालेला नाही. निसर्गाविषयीचे असे दावे गणितासारखे सिद्ध होतही नसतात. ऊर्जेच्या अक्षय्यतेसारखा तो आजवर टिकून आहे, एवढेच.

या न सुटणाऱ्या प्रश्नाने निसर्गात शिरण्याची जी वाट काढली, ती मात्र कोणाच्या स्वप्नातही आली नसती. ती फरश्यांची वाट आहे.

हाओ वांग हे चिनी वंशाचे तर्कशास्त्रज्ञ हिल्बर्ट यांच्या निकालाच्या प्रश्नाचाच एक तुकडा घेऊन बसले होते. विचार सोपा व्हावा म्हणून १९६१ मध्ये त्यांनी त्याला फरश्यांचे रूप दिले. फरश्या चौकोनी, प्रत्येकीच्या चारही कडांना रंग. नियम एवढाच, की शेजारच्या कडांचा रंग जुळला पाहिजे आणि फरशी फिरवायची नाही. दिलेल्या मोजक्या नमुन्यांनी अंत नसलेली जमीन भरता येईल का? वांग यांचा कयास होता, की जमीन भरत असेल तर ती कुठेतरी नक्षीची पुनरावृत्ती करूनही भरेलच. आणि तसे असेल तर तपासायची रीत मिळते.

त्यांचेच विद्यार्थी रॉबर्ट बर्गर यांनी हा कयास खोटा ठरवला. १९६६ मध्ये छापलेल्या कामात त्यांनी ट्यूरिंग यंत्रच फरश्यांत बसवले. त्यामागची कल्पना अशी: फरश्यांची एक आडवी ओळ म्हणजे यंत्राच्या फितीचा एक क्षण. तिच्यावरची ओळ म्हणजे पुढचा क्षण. रंग असे योजायचे, की वरची ओळ खालच्या ओळीशी जुळण्याचा एकच मार्ग असावा, तो म्हणजे यंत्राच्या नियमाप्रमाणे पुढचे पाऊल टाकणे. यंत्र थांबले की पुढची ओळ लावायला फरशीच मिळत नाही. यंत्र चालतच राहिले तर जमीन भरतच जाते. म्हणजे ‘जमीन भरेल का?’ हा प्रश्न आणि ‘यंत्र थांबेल का?’ हा प्रश्न एकच. आणि दुसरा सुटत नाही, म्हणून पहिलाही नाही. जाता जाता एक विलक्षण गोष्ट हाती लागली. जमीन पूर्ण भरतील पण नक्षी कधीच जशीच्या तशी पुन्हा येऊ देणार नाहीत, अशा फरश्या असल्याच पाहिजेत. बर्गर यांच्या संचात त्या २०,४२६ होत्या. राफाएल रॉबिन्सन यांनी १९७१ मध्ये त्या सहा आकारांवर आणल्या आणि रॉजर पेनरोझ यांनी, पंचकोनांशी खेळता खेळता वेगळ्याच बाजूने येऊन, १९७४ मध्ये दोनवर.

इथवर हे सगळे कागदावर होते. मग ८ एप्रिल १९८२ उजाडला. वॉशिंग्टनजवळच्या प्रयोगशाळेत डान शेक्टमन हे इस्रायली शास्त्रज्ञ ॲल्युमिनियम आणि मँगनीजचा झटकन थंड केलेला मिश्रधातू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. मधल्या ठिपक्याभोवती त्यांना दहा ठिपक्यांचे कडे दिसले. स्फटिकशास्त्रात हे निषिद्ध होते. स्फटिक म्हणजे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारी अणूंची रचना, आणि अशा रचनेत पाचपदरी वा दहापदरी समरूपता बसत नाही; सुसम पंचकोनी फरश्यांनी जमीन भरायला गेलो तर फटी राहतात, तसेच. त्यांनी वहीत त्या निरीक्षणापुढे तीन प्रश्नचिन्हे काढून ठेवली. सहकाऱ्यांनी पाठ्यपुस्तक वाचा म्हणून सुनावले, त्यांना गटातून बाहेर पडावे लागले. दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग हे तर मरेपर्यंत विरोधात उभे राहिले. निबंध छापून यायला १९८४ उजाडले. त्याच सुमारास पॉल स्टाइनहार्ट आणि डोव्ह लेव्हीन यांनी अशा पदार्थाचे गणित स्वतंत्रपणे मांडून ठेवलेलेच होते, आणि ते गणित पेनरोझ यांच्या फरश्यांवरून आलेले होते. सुव्यवस्थित, पण कधीच पुनरावृत्ती न करणारी रचना: क्वासीक्रिस्टल. १९९२ मध्ये स्फटिकशास्त्राच्या जागतिक संघटनेने स्फटिकाची व्याख्याच बदलली. २०११ मध्ये शेक्टमन यांना नोबेल मिळाले.

हा पदार्थ माणसाच्या भट्टीतच बनतो की निसर्गातही आहे? स्टाइनहार्ट वर्षानुवर्षे शोधत राहिले. शेवटी लुका बिंदी यांना फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातल्या एका नमुन्यात तो सापडला. २००९ मध्ये तो जाहीर झाला. नमुना रशियाच्या अतिपूर्वेकडच्या खतिर्का भागातून आलेला. २०११ मध्ये मोहीम काढून, तिथल्या ओढ्यातली माती धुऊन आणखी कण मिळवले, तेव्हा नक्की झाले की तो उल्कापाषाण आहे आणि ॲल्युमिनियम, तांबे व लोखंडाचा तो क्वासीक्रिस्टल अवकाशातल्या टकरीत घडलेला आहे. पुढे २०२१ मध्ये, १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीने वितळलेल्या वाळूच्या लाल काचेतही एक सापडला.

शेक्टमन काही बर्गर यांच्या प्रमेयावरून त्या मिश्रधातूकडे गेले नव्हते, आणि अणू काही ट्यूरिंग यंत्र चालवत बसत नाहीत. ओढूनताणून संबंध जोडायचे कारण नाही. पण पुनरावृत्ती होऊच न देणाऱ्या फरश्या असतात हे माणसाला पहिल्यांदा कळले ते एका प्रश्नाला उत्तर काढायची रीत नाही हे सिद्ध करताना. ती कल्पना हाताशी नसती तर सूक्ष्मदर्शकातल्या त्या दहा ठिपक्यांना चूक म्हणून बाजूला सारणाऱ्यांचेच खरे ठरले असते.

आता थेट गतीकडे येऊ. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा यंत्राला दिला आणि थोड्याच वेळात सगळे हवामान वेगळे निघाले, ही गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यातून आलेला ‘केऑस’ हा शब्दही रुळला. पण तिथे दोष सुरुवातीच्या मोजमापाकडे जातो: आकडा अचूक असता तर उत्तर अचूक आले असते. क्रिस्टोफर मूर यांनी १९९० मध्ये याच्या पलीकडची गोष्ट दाखवली. तीन मितींत फिरणाऱ्या एकाच कणासाठी असे बलक्षेत्र रचता येते, की त्याची गती म्हणजे ट्यूरिंग यंत्राची चाल होईल. इथे सुरुवातीची स्थिती शंभर टक्के अचूक दिली, तरी तो कण पुढे कधी अमुक भागात शिरेल का, हे सांगणारी सर्वसाधारण रीत नाही. लाप्लास यांच्या त्या सर्वज्ञ बुद्धीला सगळे आकडे देऊ केले तरी तिचे गाडे इथे अडते. २०२१ मध्ये एव्हा मिरांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकटपणा नसलेल्या आदर्श द्रवाच्या वाहण्यातही हेच घडवता येते हे सिद्ध केले. रिचर्डसन यांच्या समीकरणांच्या घराण्यातलीच ही समीकरणे.

आणि २०१५ मध्ये फरश्या पुन्हा परतल्या. टोबी क्युबिट, डेव्हिड पेरेझ-गार्सिया आणि मिखाएल वोल्फ यांनी पदार्थविज्ञानातला एक मूळ प्रश्न हाती घेतला: अणूंच्या जाळीत सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था आणि तिच्यावरची पायरी यांत फट आहे की नाही? पदार्थाचे कमी तापमानातले वागणे बऱ्याच अंशी या फटीवर ठरते. त्यांनी दाखवले, की शेजारच्या अणूंमधले परस्परसंबंध पूर्ण लिहून दिले, तरी ही फट आहे की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही. सिद्धतेच्या पोटात रॉबिन्सन यांच्या फरश्याच आहेत. त्यांच्या कधीही न संपणाऱ्या नक्षीच्या आधाराने क्वांटम यंत्र चालवलेले आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की हे सगळे अनंत जाळीचे. खरा स्फटिक मोजक्या अणूंचा, आणि मोजक्या गोष्टीचा हिशेब कधी ना कधी पुरा होतोच. आक्षेप बरोबर आहे. तो मान्य करूनच पुढे जायला हवे. मात्र भौतिकशास्त्रज्ञ अनंत जाळीचे गणित मांडतात ते उगीच नाही. हातातल्या लोखंडाच्या तुकड्याचे वागणे त्यातूनच समजते. त्या प्रमेयातून निघणारी गोष्ट अशी, की काही पदार्थांचे छोटे छोटे नमुने मोजत गेलो तर ते एका तऱ्हेने वागत राहतील आणि कोणत्यातरी आकारापाशी एकाएकी पालटतील. तो आकार केवढा असेल हे आधी सांगायची सर्वसाधारण रीत नाही. नमुन्यावरून पदार्थाची परीक्षा करणाऱ्यांना ही बातमी बारीक नव्हे.

सजीव सृष्टीकडे वळल्यावर या साऱ्याची उजळ बाजू दिसते. स्वतःसारखे यंत्र घडवणारे यंत्र शक्य आहे का, हा प्रश्न जॉन फॉन नॉयमन यांनी १९४८ मध्ये पॅसाडेनाच्या व्याख्यानात मांडला. सार्वत्रिक यंत्रावरून त्यांना उत्तर सुचले: यंत्रात त्याचे वर्णन लिहून ठेवायचे आणि ते दोनदा वापरायचे. एकदा सूचना म्हणून वाचून नवे शरीर घडवायला, एकदा न वाचता जसेच्या तसे उतरवून पिलाला द्यायला. डीएनएची रचना १९५३ ची. पेशी हेच करते: त्याच साखळीवरून प्रथिने बनतात आणि त्याच साखळीची नक्कल पुढच्या पेशीला जाते. जीवशास्त्रज्ञांनी उलगडण्याआधी ही युक्ती तर्कशास्त्राने काढून ठेवली होती, हे वाचले की आजही अंगावर काटा येतो.

खुद्द ट्यूरिंगही आयुष्याच्या अखेरीला इथेच वळले होते. दोन रसायने एकमेकांशी क्रिया करत वेगवेगळ्या वेगाने पसरली तर एकसारख्या पृष्ठभागावर आपोआप ठिपके किंवा पट्टे उमटतात, हे त्यांनी १९५२ मध्ये समीकरणांनी दाखवले. आकडेमोडीला मँचेस्टरचा संगणक होता. त्याच वर्षी समलैंगिक संबंधांवरून त्यांच्यावर खटला झाला आणि १९५४ मध्ये वयाच्या ४१ व्या वर्षी ते गेले. जपानमध्ये शिगेरू कोंडो आणि रिहितो असाई यांनी १९९५ मध्ये एंजलफिश माशाच्या अंगावरचे पट्टे महिनोन्‌महिने टिपले. मासा वाढताना पट्ट्याला फाटा फुटलेली जागा अंगावरून सरकत जाते, आणि समीकरणे चालवून बघितली तर नेमकी तशीच सरकते. बघायची तर चालवूनच बघावी लागतात.

वांग यांच्या फरश्याही सजीवांच्या रेणूंत उतरल्या. एरिक विन्फ्री यांनी डीएनएच्या तुकड्यांना रंगीत कडांच्या जागी जुळणारी टोके दिली. २००४ मध्ये परीक्षानळीत हे रेणू स्वतःहून जागेवर बसत गेले आणि त्रिकोणात त्रिकोण असलेली, गणिताने ठरवून दिलेली नक्षी तयार झाली. कारागीर कोणी नाही, मुकादम कोणी नाही. शेजाऱ्याशी जुळते की नाही एवढाच नियम.

तेव्हा १९३६ च्या निकालाला मी विज्ञानाचा पराभव मानत नाही, आणि कोणी तसे म्हणू लागले की वाद घालतो. आपल्याकडे गोडेल-ट्यूरिंगची नावे घेऊन ‘विज्ञानाने हात टेकले’ असे सांगायची सवय पडली आहे. हात टेकायचे सोडाच, कोणत्या प्रश्नाला रीत नाही हे विज्ञानाने स्वतः, पावलागणिक पुरावा देऊन सांगितले. उलट टोकाचा उत्साहही मला पटत नाही. विश्व म्हणजेच एक संगणक, हे कोनराड त्सुझे यांनी १९६० च्या दशकात मांडले, पुढे इतरांनी त्याचे मोठे ग्रंथ केले. निसर्गाने तसा पुरावा अजून दिलेला नाही. मन संगणकाच्या पलीकडचे आहे हा पेनरोझ यांचा दावाही तितकाच अधांतरी आहे. आणि क्वांटम संगणक आला की हे अडथळे उडून जातील, हे तर साफ चूक. तो काही कामे अफाट वेगाने करील, पण तो जे करतो ते साधा संगणकही करू शकतो, युगे लागली तरी. थांबण्याचा प्रश्न दोघांनाही सारखाच अवघड.

यंत्राचा आकार वाढवून हा प्रश्न मागे हटत नाही याचा धडा २०२४ मध्ये मिळाला. टिबोर रादो यांनी १९६२ मध्ये विचारले होते: अमुक अवस्थांचे ट्यूरिंग यंत्र कोऱ्या फितीवर, अखेरीस थांबायचे असेल तर, जास्तीत जास्त किती पावले चालू शकते? दोन अवस्थांना ६, तिनांना २१, चारांना १०७. पाचांचे उत्तर जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक मंडळींनी मिळून, संगणकाने तपासलेल्या सिद्धतेसह, तेव्हा कुठे पक्के केले: ४,७१,७६,८७०. सहा अवस्थांचे उत्तर कोणाकडे नाही. पाच-सहा ओळींत मावणाऱ्या यंत्रांची ही कथा असताना, कृत्रिम बुद्धिमत्तेचे दुकान मांडणारे कोणी ‘आमची प्रणाली कोणत्याही सॉफ्टवेअरमधला प्रत्येक दोष हमखास शोधील’ असे म्हणाले, तर खरेदी करणाऱ्या सरकारी खात्याला त्या ‘कोणत्याही’ आणि ‘हमखास’वर बोट ठेवता आले पाहिजे.

ते येण्याची सोय आपल्या शिक्षणात नाही. हा विषय संगणक अभियांत्रिकीच्या मुलांना ‘थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन’ या नावाने भेटतो, आणि पुष्कळदा परीक्षेतल्या आकृत्या काढण्यापुरता. भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र शिकणाऱ्यांच्या वाट्याला तो सहसा येतच नाही. उष्मागतिकीचा दुसरा नियम न शिकता भौतिकशास्त्राची पदवी मिळत नाही. उफराट्या प्रोग्रॅमची सिद्धता न बघता ती खुशाल मिळते. ती सिद्धता बारावीच्या मुलांना एका तासात समजते. तिच्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही, फळा पुरतो. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी मनावर घेतले तर पुढच्याच वर्षी विज्ञानाच्या प्रत्येक शाखेत ती आणता येईल.

आणि या क्षेत्रात येणाऱ्याला काम उरले नाही असेही नाही. मार्च २०२३ मध्ये डेव्हिड स्मिथ या यॉर्कशरच्या निवृत्त छपाई तंत्रज्ञांनी, गणिताची पदवी गाठीशी नसताना, कागदाचे आकार कापता कापता शोधलेली तेरा बाजूंची एक फरशी जाहीर केली. ती एकटीच सगळी जमीन भरते आणि नक्षी कधीही पुन्हा येऊ देत नाही. काही ठिकाणी तेवढी ती उलटी करून ठेवावी लागते. तीन सहकाऱ्यांच्या साथीने त्यांनी ते सिद्ध केले, आणि दोनच महिन्यांत उलटी करायची गरज नसलेली तिची बहीणही मांडली. दुसरीकडे एरिक डेमेन आणि स्टीफन लँगरमन यांनी २०२४ मध्ये दाखवले, की तीन बहुभुजाकृती फरश्या दिल्या तर त्यांनी जमीन भरेल का, हे ठरवणारी सर्वसाधारण रीत नाही. बर्गर यांच्यापासून निघालेला हा प्रश्न आता तीन फरश्यांवर आला आहे. एकाच फरशीसाठी अशी रीत आहे की नाही, हे मात्र अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.